लिनवुडची जागा

आकडा सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. पॉलीन हुदाकने तो वाचला आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. पुन्हा वाचला तरी आकडा तोच होता.

चौदा कोटी ऐंशी लाख डॉलर.

यायला हवे होते पंधरा कोटी चाळीस लाख. लीगनेच सप्टेंबरात तसा अंदाज पाठवला होता, आणि सगळ्या संघांनी त्या अंदाजावर वर्षभराचे मनसुबे रचले होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! मधल्या काळात सामने दाखवणाऱ्या दोन टीव्ही कंपन्यांचं दिवाळं वाजलं, लीगची मिळकत आटली, आणि मिळकतीवरूनच जी ठरते ती कॅपही आटली. कॅप म्हणजे एका संघाने सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला किती पगार द्यायचा त्याची मर्यादा.

पिट्सबर्ग रिव्हरमेन या बास्केटबॉल संघाची कॅप पॉलीन सांभाळायची. एकोणीस वर्षं झाली होती. खेळाडू पावणेसात फुटी, प्रशिक्षक घसा फोडून ओरडणारे, मालक गडगंज. आणि या सगळ्यांमध्ये ही पाच फुटांची, तोंडाने फटकळ बाई. तिने 'बसतं' म्हटलं की करार व्हायचा, 'बसत नाही' म्हटलं की मालकसुद्धा गप्प बसायचा. एवढ्या वर्षांत तिचं 'बसतं' एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

आज ठरलं. आणि ठरलं तेही कुणाच्या बाबतीत, तर अकरा वर्षं संघात खेळलेल्या लिनवुड पेटिग्रूच्या.

पिट्सबर्गात हिवाळ्यात दारापुढचं बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, की कामावर जाताना तिथे स्वयंपाकघरातली एक मोडकी खुर्ची ठेवून जातात. ती खुर्ची म्हणजे ती जागा तुमची. आपण एस.टी.त रुमाल टाकतो तसलंच हे, पण रुमाल उचलून फेकणारे आपल्याकडे पैशाला पासरी. इथे मात्र दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याला गल्लीत कुणी तोंड दाखवू देत नाही. लीगच्या नियमांतही अशीच एक खुर्ची असते. आपल्या एखाद्या खेळाडूचा करार संपला आणि त्याला परत घ्यायचं असेल, तर त्याच्या नावाने कॅपमध्ये थोडी रक्कम अडवून ठेवतात. आधी बाहेरचा मोठा मासा गळाला लावायचा, मग सावकाश आपल्या माणसाला त्याच्या जागी बसवायचं. तेव्हा मर्यादा ओलांडली तरी लीग डोळेझाक करते. पण मोठ्या माशालाच जागा पुरेनाशी झाली, तर खुर्ची आधी काढावी लागते. लीगला एका ओळीचं पत्र जातं: अमुक खेळाडूवरचे सर्व हक्क आम्ही सोडत आहोत. त्यानंतर त्याला घ्यायचंच म्हटलं, तर लीगने ठरवलेल्या किमान पगारावर घेता येतं. जास्तीचा एक डॉलरही देता येत नाही.

या वर्षीचा मोठा मासा होता टोबायस रॅन्सम. पंचवीस वर्षांचा, सामन्याला तीस गुण करणारा. संध्याकाळी सहाला बाजार उघडला, की त्याच्याशी बोलणी पक्की व्हायची होती. पॉलीनने तीनदा गणित केलं. चौतीस लाख कमी पडत होते. लिनवुडच्या नावची खुर्ची सत्तावन्न लाखांची होती.

"अगं बाई," ती मोठ्यांदा म्हणाली, आणि रिकाम्या खोलीत तिचा तिलाच तो आवाज कसानुसा वाटला.

गेल्या जुलैत ती लिनवुडच्या स्वयंपाकघरात बसली होती. शेजारी होता जनरल मॅनेजर ड्रू फेनिमोर. लिनवुडला तेव्हा तीन संघ वर्षाला सव्वा कोटी द्यायला तयार होते, आणि ड्रू त्याला तीस लाखांवर थांबायला सांगत होता. एकच वर्ष, संघ उभा राहू दे, पुढच्या उन्हाळ्यात तीन वर्षांचा भरघोस करार. असलं वचन द्यायला लीगची सक्त मनाई आहे, म्हणून ते कागदावर येत नाही. सगळे संघ देतात, सगळे खेळाडू घेतात, आणि साक्षीला कुणी नसतं. ड्रूनेही नुसतं म्हटलं होतं, "पुढच्या वर्षी तुझं बघू, लिन. मी आहे ना."

लिनवुडने ड्रूकडे पाहिलंच नव्हतं. त्याने पॉलीनला विचारलं होतं, "हुदाकबाई, तुम्ही सांगा. बसतं का?"

"बसतं," ती म्हणाली होती.

"मग झालं तर."

त्याला पैशाची पडली होती अशातला भाग नाही. अकरा वर्षं तो याच गावात खेळला होता. इथेच लग्न केलं, इथेच ओडेसा झाली, आणि तीन वर्षांपूर्वी बायको व्हर्नेल कॅन्सरने गेली तीही इथेच. ओडेसा आता तेरा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गावातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत तिच्या सगळ्या मैत्रिणी, तिची सगळी दुनिया. आई गेली त्या आठवड्यात पोरीने बापाला एकच मागणं मागितलं होतं: आता आणखी काही बदलू नकोस. घर नाही, शाळा नाही. लिनवुडने हो म्हटलं. तीस लाखांवर त्याने सही केली ती या शब्दापायी. आणि हे सगळं ठाऊक असून, कुणाच्या तरी अंदाजाला खरं मानून, पॉलीन 'बसतं' म्हणून मोकळी झाली होती. सगळेच मानतात, हे खरं. पण सगळ्यांनी कुठे त्याच्या ओट्याशी बसून त्याच्या हातची कॉफी पिऊन शब्द दिला होता?

ड्रूच्या खोलीत ती दार न वाजवताच शिरली.

"पाहिलास?"

"पाहिला," ड्रू म्हणाला. माणूस एकोणचाळीस वर्षांचा, कनेटिकटचा, बोलणं कायम गुळगुळीत. "किती कमी पडतात?"

"चौतीस लाख."

"म्हणजे एक खुर्ची काढावी लागणार."

"खुर्चीला हात लावशील तर बघ!" पॉलीन म्हणाली. "तू इथला नाहीस म्हणून सांगते, या गावात कुणी खुर्ची हलवत नाही. मला दुपारपर्यंत वेळ दे."

"घे की," ड्रू म्हणाला. इतक्या सहज, की तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिने फोन लावायला सुरुवात केली. बाकावर बसून असलेला एक पन्नास लाखांचा पोरगेला खेळाडू कुणी घेतंय का, हे तिने नऊ संघांना विचारलं; त्याचा पगार गेला की जागा होणार होती. आठांनी नको म्हटलं. सॅक्रामेंटोचा माणूस हसत म्हणाला, "घेऊ ना, पॉलीन. सोबत पुढची दोन वर्षं नवे खेळाडू निवडायचा तुमचा पहिला हक्कही द्या."

"घरावरचे पत्रेही पाठवून देऊ का?"

"चालतील," तो म्हणाला.

मग रॅन्समच्या एजंटाला विचारून पाहिलं, पहिल्या वर्षी चौतीस लाख कमी घ्याल का? तो नुसता हसत राहिला. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि मोत्याला ते नीट ठाऊक होतं.

दोन वाजले. पोटात अन्नाचा कण नव्हता. टेबलावर सकाळचे पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, डब्यातच थिजले होते. आता एकच वाट उरली होती, आणि ती तोंडावर आणायची तिला लाज वाटत होती. तिने लिनवुडला फोन लावला.

"आकडा पाहिला मी टीव्हीवर," तो आपणहून म्हणाला. "किती वाईट आहे?"

"तुझी जागा राहत नाही, लिन. मी सगळं करून पाहिलं. किमान पगार देता येईल. एक वर्ष, तेहतीस लाख. त्याच्यावर काही नाही. ठरलं होतं त्याच्या पावपटही नाही हे, मला कळतंय. तू शिव्या दे मला, खरंच दे."



"राहता येईल ना इथे?" त्याने विचारलं.

"राहता येईल."

"मग शिव्या कशाला देऊ? घेतो. अहो बाई, लीग परवानगी देत असती तर मी फुकट खेळलो असतो. फीनिक्सच्या संघाने एजंटच्या कानावर घातलंय काहीतरी, दोन वर्षांचं. सहाला फोन करणार आहेत. त्यांना नको म्हणून सांगतो. ओडेसाला आत्ता सांगू का? सकाळपासून माझ्या मागे मागे फिरतेय, तोंड एवढंसं करून."

आणि इथे पॉलीनने दुसऱ्यांदा तीच चूक केली. शहाण्या माणसाने ठेच लागल्यावर वर्षभर तरी जपून चालावं. हिला पाच तासही निघाले नाहीत. आनंदाच्या भरात ती म्हणाली, "सांग. सांग तिला."

ती अक्षरशः पळत ड्रूच्या खोलीत गेली. शेहेचाळीस वर्षांची बाई, कॉरिडॉरमध्ये सगळे बघत होते.

"सुटलं! किमान पगारावर तयार आहे तो. खुर्ची काढ, पत्र पाठव, रॅन्समला घे, आणि उद्या लिनला किमान पगारावर परत घेऊ. किमान पगाराला कॅप आड येत नाही. सगळं बसतं, ड्रू."

ड्रूने पेन खाली ठेवलं.

"दार लाव," तो म्हणाला.

तिने दार लावलं.

"बसतं, मान्य. पण मला तो नकोय."

"म्हणजे?"

"म्हणजे नकोय. त्याच्या गुडघ्याचा फोटो पाहिलास तू? डॉक्टरांचा अहवाल वाचलास? संपलाय तो, पॉलीन. आणि तरी खेळाडूंच्या खोलीत सगळे त्याचंच ऐकतात. रॅन्सम आला की खोली रॅन्समची व्हायला हवी. संघातली शेवटची जागा मी एका पोराला देणार आहे. हे मार्चपासून ठरलंय."

"मार्चपासून?" पॉलीनला आपलाच आवाज ऐकू येईना. "आणि आकडा पंधरा चाळीस आला असता तर?"

"तर काहीतरी दुसरं कारण शोधावं लागलं असतं," ड्रू म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच ऐकवेना. "खरं सांगू? आकडा घसरला हे बरंच झालं. कुणाला वाईट वाटायला नको. लोक आकड्यावर रागावतात, आपल्यावर नाही. त्याला सांग, बसलं नाही. तुझ्या तोंडून आलं की तो मानेल."

"गरज सरो नि वैद्य मरो," पॉलीन म्हणाली. "त्याने तुझ्यासाठी वर्षाचे पंचाण्णव लाख सोडले रे! गुडघ्यात सुया टोचून घेऊन खेळला तो. तेव्हा नव्हता का संपला?"

"तेव्हा उपयोगी होता."

तिला वाटलं टेबलावरचं काहीतरी उचलून याच्या डोक्यात घालावं. वाटलं, राजीनामा तोंडावर फेकावा. यातलं तिने काहीच केलं नाही, हे सांगायलाच हवं. ती आपल्या खोलीत आली, एका ओळीचं पत्र टाइप केलं, खाली सही केली आणि साडेतीनला लीगला पाठवलं. एकोणीस वर्षांत अशी पत्रं तिने साठ-सत्तर तरी पाठवली असतील. त्या नावांतला एकही चेहरा तिला आठवेना. मग ती प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडली.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ती गाडी घेऊन निघाली. पूल ओलांडून टेकडी चढेपर्यंत पाच वाजून गेले.

दार ओडेसाने उघडलं, आणि पॉलीनला काही करता येण्याआधीच तिच्या गळ्यात पडली. पोरगी आत्ताच तिच्यापेक्षा हातभर उंच होती. बाजूला होऊन तिने भराभर बोटं चालवली. पॉलीनला खुणांची भाषा तोडकीमोडकी येत होती, पण एवढं समजलं: राहतोय आम्ही. तुझ्यामुळे. थँक यू.

आत लिनवुड मासे तळत होता. मक्याच्या पिठात घोळवलेले, त्याच्या आईच्या पद्धतीने. भला मोठा माणूस एप्रन बांधून शेगडीपुढे उभा, आणि डावा गुडघा दुखत असल्याने सगळा भार उजव्यावर.

"या, या, हुदाकबाई! बरोबर वेळेवर आलात. लोकांच्या घरी जेवायच्या वेळीच यायचं हे तुम्हाला नीट जमतं हो."

"लिन, गॅस बंद कर," पॉलीन म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने गॅस बंद केला.

"नाही जमलं?"

"नाही."

"किमान पगारसुद्धा?"

"नाही, लिन."

तो स्टुलावर बसला. हातातला झारा तसाच होता, त्यातून तेल गुडघ्यावर ठिबकत होतं ते त्याच्या ध्यानात नव्हतं. ओडेसा आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे बघत होती. लिनवुडने झारा ठेवला आणि तिला हातांनी सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. शेवटी त्याने मावशीची खूण केली. व्हर्नेलची बहीण नदीपलीकडेच राहत होती. म्हणजे शाळा सुटणार नव्हती, घर सुटणार होतं. आणि बाप.

पोरगी रडली नाही. तिने ताटं मांडली होती, त्यातलं एक उचललं आणि परत कपाटात ठेवून आली. का ते कुणाला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं. 

"मला एक सांगा," लिनवुड म्हणाला. आवाज खाली आला होता. "चौतीस वर्षांचा आहे मी. दहा जिने चढलो की गुडघा बोलतो. किमान पगार म्हणजे असा किती असतो? तेवढ्यालाही आकडा आडवा येतो? की मीच नकोसा झालोय त्यांना? तसं असेल तर सांगा. मी काही लहान नाही. फक्त... अकरा वर्षं झाली हो. दूध घालून पाळलेल्या मांजरालासुद्धा इतक्या वर्षांनी कुणी असं..."

मान खाली घालून तो आपल्या पंजांकडे बघत राहिला. अकरा वर्षांत पॉलीनने त्याला हरताना पाहिलं होतं, बायकोला पुरताना पाहिलं होतं, पण असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

खरं सांगायचं तर तो क्षण होता. ड्रूचं नाव घ्यायचं, मार्चचं सांगायचं, आणि मोकळं व्हायचं. तिला बरं वाटलं असतं. लिनवुडचं काय झालं असतं? तो फीनिक्सला गेला असता तो 'संपलेला' म्हणून गेला असता.

"आकडा आहे, लिन," पॉलीन म्हणाली. "किमान पगारही कॅपमध्ये मोजला जातो. मी दुपारी फोनवर म्हटलं ते माझं चुकलं. नियम बदललाय यंदा, माझ्या ध्यानात आला नाही. ड्रू तर म्हणत होता काहीही कर पण लिनला ठेव. नाहीच बसलं."

एकोणीस वर्षांत आकड्यांबाबत ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि ते इतकं सफाईदार जमलं की तिचं तिलाच भय वाटलं. तिचं 'बसत नाही' कुणी तपासून पाहत नसे.

लिनवुडने मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले.

"आकडा," तो म्हणाला. "मग ठीक आहे. आकड्यापुढे कुणाचं काय चालतं! मला वाटलं... जाऊ दे काय वाटलं ते. अहो, तुम्ही कशाला रडताय? तुम्ही तर जीव तोडून केलंत." त्याने उठून तिच्या पाठीवर आपला तो सुपाएवढा हात ठेवला. ज्याचं घर मोडलं होतं तोच तिची समजूत घालत होता, आणि तिला ती निमूट घालून घ्यावी लागत होती.

मग, रडणं हसण्यावारी न्यावं म्हणून असेल, तो पोरीकडे वळला. बोलता बोलता हातांनीही सांगत होता.

"तुम्हाला ठाऊक नाही, बाई, या घरात कुणाची थाप चालत नाही. ही कानांनी ऐकत नाही ना, तोंडं वाचते. मी चोरून सिगारेट ओढली तर माझ्या भुवयांवरून ओळखते. काय गं, ओडेसा? हुदाकबाई खरं बोलतायत ना? आकडाच होता ना?"

ओडेसाने पॉलीनकडे पाहिलं. टक लावून, डोळ्यांकडे, ओठांकडे, परत डोळ्यांकडे. पॉलीनला नजर काढून घेता येईना. पोरीच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग एक क्षण राग आला, लख्ख, मोठ्या बाईचा असावा तसा. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे पॉलीनलाही कळलं. लिनवुड हात गुडघ्यावर ठेवून, मान वाकडी करून, पोरीच्या उत्तराची वाट बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की ती बघवत नव्हती.

ओडेसा बापाकडे वळली. तर्जनी ओठांशी नेऊन तिने ती सरळ पुढे आणली.

खरं.

"बघा!" लिनवुड म्हणाला. "तरी म्हटलं." भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले आणि ओट्यावरचा फोन थरथरायला लागला. त्याने एप्रनला हात पुसले, पोरीच्या डोक्यावरून एकदा फिरवले, आणि फीनिक्सचा फोन उचलला.